एकच ड्रायव्हर

काकूंचा फोन आला तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ वाजले होते, म्हणजे ॲरिझोनात साडेसात. घाबरल्याचा सूर नव्हता, पण आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "अगं, ते सरकारी लाल-निळं कार्ड दाखवू, की प्लॅनचं? इथे खिडकीवर विचारतायत." नवरा आत तपासणीच्या पलंगावर होता, कपाळाला टाके पडत होते आणि यांच्यापुढे कार्डाचा प्रश्न होता. "प्लॅनचं दाखवा," मी सांगितलं. ते उत्तर सोपं होतं. पुढच्या सहा आठवड्यांतले प्रश्न तितके सोपे नव्हते.

हे प्रकरण दोघांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं गाळून मी त्यांना काका आणि काकूच म्हणणार आहे, कारण एरवीही तेच म्हणते.

पार्श्वभूमी

काका १९८४ साली पुण्याहून एमएस करायला अमेरिकेत आले आणि पुढे टेलिकॉममध्ये रमले. काकू साताऱ्याच्या. न्यू जर्सीत त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात १९ वर्षं नोकरीला होत्या. मुलगा सिॲटलला, मुलगी टेक्सासात ऑस्टिनजवळ. काका २०२१ मध्ये निवृत्त झाले. तोवर करोनाने सगळ्यांना घरात कोंडलं होतं, आणि त्यातून सुटायला निम्म्या अमेरिकेला एकाच वेळी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, हवीशी झाली होती. २०२१ या एका वर्षात कारखान्यांमधून सहा लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या. तो उच्चांक होता.

माझा संबंध असा, की मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, घेणाऱ्यांना मोफत सल्ला देणारा एक कार्यक्रम अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे आणि मी आमच्या राज्यात त्याचं स्वयंसेवी काम करते. आम्ही प्लॅन निवडून देत नाही. नियम समजावून सांगतो. २०२० मध्ये काका पासष्टचे झाले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर बसून मेडिकेअर ॲडव्हांटेजचा, म्हणजे तोच विमा खासगी कंपनीमार्फत देणारा, एक एचएमओ प्लॅन घेतला. वेगळा हप्ता शून्य, दात आणि चष्मा त्यातच, अट एवढीच की डॉक्टर प्लॅनच्या जाळ्यातले हवेत. डॉक्टरांपासून १० मिनिटांवर राहणाऱ्या माणसाला ती अट अडत नाही. २०२२ मध्ये काकूही पासष्टच्या झाल्या आणि त्यांनी तोच प्लॅन घेतला. त्या दिवशी त्यांनी मला फोनवर नव्या गाडीचे फोटो दाखवले होते. मी पडद्यांच्या कापडाचं कौतुक केलं. हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

गाडी आणि तिची निवड

त्यांनी २०२२ च्या वसंतात पाच वर्षं वापरलेली, २८ फुटी क्लास सी गाडी घेतली. म्हणजे फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर चढवलेलं घर, ज्यात ड्रायव्हरच्या डोक्यावरही पलंग असतो. बाजार चढा असल्यामुळे किंमत जास्त पडली, आणि जून महिन्यात पेट्रोलची देशभरातली सरासरी पहिल्यांदाच गॅलनला पाच डॉलरांच्या वर गेली. गाडी गॅलनला आठ मैल जाते. काकांनी तो हिशोब एकदा केला आणि परत केला नाही.

खरी निवड दोन प्रकारांत होती. एक, पिकअप ट्रक आणि मागे जोडायचा ट्रेलर. मुक्कामी पोचल्यावर ट्रेलर सोडायचा आणि ट्रक घेऊन गावात जायचं. दुसरा, इंजिनासकट एकसंध मोटारघर. ट्रेलर जोडून रिव्हर्स घेणं काकांना नको होतं, म्हणून मोटारघर ठरलं. मोटारघरामागे छोटी कार ओढत नेण्याची पद्धत आहे, पण त्यासाठी चालणारी कार, हूक आणि वेगळी ब्रेकची जोडणी असा आणखी काही हजारांचा खर्च होता. "आठवड्यातून एकदा दूध आणायला एवढं कशाला?" असं म्हणून तो विषय संपला. म्हणजे मुक्काम ठोकला की दुधालाही घरच घेऊन जायचं.

गाडी घेण्याच्या दिवशी विक्रेत्याने काकूंनाही किल्ली पुढे केली होती. काका हसत म्हणाले, "तुला नाही जमायचं हे धूड." काकूही हसल्या. या बाईंनी ३० वर्षं न्यू जर्सीच्या टर्नपाइकवर, बर्फात, ट्रकांच्या मधून आपली होंडा चालवली आहे. पण वाटणी तिथेच झाली. स्टिअरिंग त्यांचं, शेगडी हिची. कुणी बसून ठरवलं नाही.

पहिलं वर्ष चार-पाच दिवसांच्या फेऱ्यांत गेलं. मग २०२३ च्या ऑगस्टअखेर घर सामानासकट दोन वर्षांसाठी भाड्याने दिलं आणि दोघं निघाले. साउथ डकोटाचे बॅडलँड्स, युटा, ग्रँड कॅन्यन. युटातल्या झायन उद्यानाच्या बोगद्यासमोर त्यांना १५ डॉलर भरून थांबावं लागलं, कारण बोगदा १९३० सालचा आणि इतकी रुंद गाडी आपल्या लेनमध्ये मावत नाही, म्हणून तेव्हा समोरची वाहतूक अडवून सोडत. ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडला गाडीची मर्यादा ३० फूट, ही २८, त्यामुळे जागा मिळाली. ८० डॉलरांचा ज्येष्ठांचा आजीव पास दोघांकडे होता. बासष्टीनंतर नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळणाऱ्या या पासावर राष्ट्रीय उद्यानांचं प्रवेशशुल्क लागत नाही आणि बऱ्याच सरकारी तळांचं भाडं निम्मं होतं. ३० डिसेंबरला ते क्वार्टझसाइटला पोचले.

तिथला दिवस

क्वार्टझसाइट म्हणजे पश्चिम ॲरिझोनातलं जेमतेम काही हजार वस्तीचं गाव. हिवाळ्यात तिथे उत्तरेतले निवृत्त लोक गाड्या घेऊन थव्याने येतात. गावाच्या कबरस्तानात उंटाची आकृती असलेला एक छोटा दगडी पिरॅमिड आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सैन्याने वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीचं ते थडगं. स्थानिक जिभेवर त्याचं 'हाय जॉली' झालं. मुंबईच्या माणसाला हाजी अली म्हटल्यावर जे आठवतं ते काकांनाही आठवलं आणि त्यांनी फोटो पाठवला.

गावाच्या दक्षिणेला ला पोसा हा केंद्र सरकारचा मोकळा माळ आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायचे तेव्हा १८० डॉलर पडत, किंवा १४ दिवसांचे ४०. एवढ्यात मिळते ती फक्त जमीन. जागेवर वीज, नळ, गटार काही नाही. जे काय आहे ते गाडीच्या पोटात.

सकाळ सुरू होते बॅटरीचा आकडा बघण्यापासून. वाळवंटी रात्री थंड असतात. हीटर प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरी खातो, त्यामुळे १२.२ व्होल्ट दिसलं की काका सूर्याची वाट बघत छतावरच्या पॅनेलचं पाणी पुसायला शिडी चढतात. मग चहा. आलं किसून, दूध उकळून, तीन बर्नरच्या शेगडीवर. काकूंची पहिली फोडणी पडली तेव्हा धुराचा भोंगा वाजला होता आणि शेजारची दोन माणसं अग्निशामक घेऊन धावली होती. आता फोडणीआधी छताचा पंखा चालू करायचा आणि भोंग्यावर शॉवर कॅप घालायची, हा क्रम बसला आहे. दुसरा भोंगा जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. तो कधी झाकायचा नाही, असं काकूंनी लाल अक्षरांत लिहून चिकटवलं आहे. (शॉवर कॅपही फोडणीपुरतीच. तरी मला ती आवडत नाही.)

कुकरच्या शिट्टीला आजूबाजूचे लोक वळून बघतात. पोळ्या एकदाच, सकाळी. जेवण झालं की ताटं आधी कागदाने कोरडी पुसायची आणि मग पाण्याला लावायची, कारण तेल आणि हळद ग्रे टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत, गेली की उन्हाने जो वास उठतो तो चार दिवस जात नाही. संडासाचं पाणी वेगळ्या टाकीत, ती ब्लॅक टँक. टाक्या रिकाम्या करताना आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. ३५ वर्षांत घरची मोरी कधी न घासलेले काका हातमोजे घालून हे काम इतक्या निष्ठेने करतात, की काकूंना त्याचं अजून नवल वाटतं.

सगळा खेळ पाण्याचा. ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. सावध दोघांना ती आठवडाभर पुरते. काकांना ती १० दिवस पुरवायची होती. त्यांनी वही घातली. अंघोळ एक दिवसाआड, तीही ओलं व्हायचं, नळ बंद, साबण, नळ चालू. गरम पाणी येईपर्यंतचं थंड पाणी बादलीत. वहीत रोजचे आकडे आणि शेजारी एक रेघ, ती रोज खाली जाते की नाही हे बघायला. आणि वहीत न आलेली एक गोष्ट: ते स्वतः पाणी कमी पिऊ लागले. थोडं टाकी वाचवायला, थोडं रात्री उठावं लागू नये म्हणून. वाळवंटातल्या हिवाळ्याची खोच अशी की उकाडा नसतो, घाम दिसत नाही, तहान लागत नाही, आणि कोरडी हवा आपलं काम करत राहते. शिवाय त्यांच्या रक्तदाबाच्या औषधात लघवीवाटे पाणी बाहेर काढणारी गोळी होती.

प्रसंग

९ जानेवारी २०२४, पहाटे चार. काका उठले, दोन पावलं गेले आणि दाराच्या पायरीवर कोसळले. कपाळ फुटलं. शुद्ध लगेच आली, पण उठून बसवलं की पुन्हा डोळ्यांपुढे अंधार.

काकूंनी ९११ लावला. समोरून प्रश्न आला, नेमक्या कुठे आहात? ला पोसा, त्या म्हणाल्या. ला पोसाचे भाग चार: नॉर्थ, साउथ, वेस्ट आणि टायसन वॉश. आपण यांपैकी कशात आहोत हे काकूंना ठाऊक नव्हतं. जागा काकांनी निवडली होती, परवान्याचा स्टिकर त्यांनीच लावला होता. माळावर ना रस्त्याला नाव, ना जागेला नंबर. त्या चपला न घालता शेजारच्या गाडीवर जाऊन थापा मारू लागल्या. तिथे मिनेसोटाच्या एक बाई एकट्या राहत. वय सत्तरच्या पुढे, सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात गेलेली. त्यांनी फोन हातात घेऊन जागा सांगितली आणि बॅटरी घेऊन महामार्गाच्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या.

ॲम्ब्युलन्सने ३५ मैलांवरच्या गावी नेलं. टाके घातले, सलाइन लावलं. मूत्रपिंडाचे आकडे वाढलेले, हृदयाचा आलेखही डॉक्टरांना पूर्ण पसंत नव्हता, म्हणून दुपारी फिनिक्सला हलवलं. काकू मागून शेजारणीच्या पिकअपमधून गेल्या. त्यांचं घर माळावर कुलूप लावून उभं.

शुक्रवारी, १२ तारखेला, काका सुटले. निदान: शरीरातलं पाणी कमी झाल्याने रक्तदाब कोसळला असावा. पण हृदयाच्या लयीत गडबड नाही ना, हे ठरवायला छातीवर १४ दिवस चिकटवून ठेवायचं यंत्र दिलं. त्याचा निकाल येईपर्यंत गाडी चालवायची नाही.

समोर काय होतं

ही परिस्थिती मी कागदावर मांडली तेव्हा ती कोड्यासारखी दिसली. दोघांचं एकमेव वाहन हेच दोघांचं घर. ते चालवणाऱ्याला मनाई. माळावर राहायचा परवाना १३ तारखेला संपणार. टाकीत उरलेलं पाणी दोन दिवसांचं. परत जायला घर नाही, कारण तिथे भाडेकरू. आणि एचएमओ प्लॅन म्हणत होता, की तातडीचे उपचार देशात कुठेही मान्य, ते झाले, पुढची तपासणी न्यू जर्सीत आमच्या डॉक्टरांकडे करा.

त्यातच मी एक प्रश्न विचारला जो दोन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. घर सोडून किती दिवस झाले? साडेचार महिने. अशा प्लॅनच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर प्लॅन तुम्हाला काढून टाकतो. म्हणजे फेब्रुवारीअखेर तोही धागा तुटणार होता आणि दोघांपैकी कुणालाच याची कल्पना नव्हती.

मुलाचं म्हणणं, मी विमानाने येतो आणि गाडी आणतो. पण त्याला तीनच दिवसांची रजा, आणि तीन दिवसांनी पुन्हा तेच. मुलीचं म्हणणं, विकून टाका. जानेवारीच्या उत्तरार्धात क्वार्टझसाइटला आरव्हींचं मोठं प्रदर्शन भरतं, घेणारे फिरतच असतात. पण चढ्या बाजारात घेतलेली गाडी उतरत्या बाजारात घाईने विकणं म्हणजे मोठी खोट, आणि काका त्या क्षणी काहीही विकायला तयार झाले असते. हॉस्पिटलमधून सुटल्यावर तीन दिवसांत माणसाने कसलाही व्यवहार करू नये, असं मी स्पष्ट सांगितलं. पैसे देऊन ड्रायव्हर बोलावण्याचीही सोय होती. गाडी कुठेतरी ठेवून दोघांनी मुलीकडे विमानाने जावं, हा सर्वांत समजूतदार पर्याय मला वाटत होता. मी तोच सुचवला.

काकूंनी तो घेतला नाही. त्या म्हणाल्या, "आज उडून जाऊ. पुढच्या वेळी?"

काय केलं

सुरुवात पाण्याने झाली, कारण ते थांबणारं नव्हतं. नळ आणि डम्प स्टेशन (टाक्या रिकाम्या करायची जागा) ला पोसा साउथमध्ये, दोन मैलांवर. गाडी हलवणं भागच होतं. आधी काकूंनी विमा कंपनीला फोन केला. त्यांच्या होंडाच्या पॉलिसीवर दोघांची नावं होती, आरव्हीच्या पॉलिसीवर चालक म्हणून एकट्या काकांचं. फोनवरच नाव चढलं. लायसन्सचा प्रश्न नव्हता, एवढ्या वजनाच्या गाडीला साधं चालतं. माळाचा परवाना आणखी ४० डॉलर भरून वाढवला.

मग शेजारीणबाईंनी शाळा घेतली. मोकळ्या माळावर प्लॅस्टिकची खुर्ची गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवली आणि काकूंना डावीकडे वळायला सांगितलं. खुर्ची उडाली. मागच्या चाकांच्या पलीकडे घराचा सात-आठ फूट भाग लोंबतो, तो वळताना उलट्या बाजूला झुलतो. काकूंनी उतरून खुर्ची उचलली, मागे जाऊन तो कोपरा बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे पदर सांभाळायचा." हे इंग्रजीत कसं सांगितलं ते मला माहीत नाही. पण तिसऱ्या फेरीला खुर्ची जागेवर राहिली.

बाकीचे धडे असे: आरसे स्वतःच्या डोळ्यांना लावून घ्यायचे, नवऱ्याच्या नव्हे. काकू जेमतेम पाच फुटी, त्यामुळे पाठीशी उशी, म्हणजे ब्रेक तळापर्यंत दाबता येतो. उजवीकडे वळताना चौकात आधी पुढे जायचं आणि मग वळायचं. गाडीची उंची फूट-इंचांत एका चिठ्ठीवर, काचेला. रिव्हर्स घेताना माणूस मागे उभा हवाच, आणि तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. मागे उभा राहणारा माणूस म्हणजे काका. छातीला यंत्र चिकटवून, हात हलवत. पहिल्या दिवशी दोघांचं एवढं वाजलं, की बाईंनी काकांना खुर्ची देऊन लांब बसवलं.

आठ दिवस रोज सकाळी दोन तास. २१ जानेवारीच्या रविवारी, ट्रक कमी असतात म्हणून सकाळी आठला, काकूंनी गाडी इंटरस्टेट १० वर घेतली. फिनिक्सपर्यंत मोठा घाट नाही. वेग ५५, उजवी लेन. १३० मैल आणि पुढे मेसापर्यंत, मध्ये दोन थांबे, साडेतीन तास. मेसाच्या ५५ वर्षांवरच्यांच्या आरव्ही पार्कमध्ये महिन्याच्या भाड्याने जागा घेतली. वीज, नळ, गटार सगळं जोडलेलं, हॉस्पिटल १५ मिनिटांवर. काकांनी त्या दिवशी १५ मिनिटं अंघोळ केली.

प्लॅनशी माझी तीन दिवस फोनाफोनी चालली. तात्पुरतं बाहेरगावी असताना थांबू न शकणाऱ्या उपचारांनाही एचएमओमध्ये जागा असते. हृदयाचं यंत्र छातीवर असलेल्या रुग्णाने २,४०० मैल परत येऊन निकाल विचारावा, हे त्यात बसत नाही, असं डॉक्टरांच्या पत्रासकट मांडलं. पहिल्यांदा नकार आला. दुसऱ्यांदा एक भेट मंजूर झाली. ती पुरली.

पुढचा प्रश्न मूळचा होता: हे दोघं राहतात कुठे? मेडिकेअर ॲडव्हांटेज सोडून मूळ मेडिकेअरमध्ये जानेवारी ते मार्चदरम्यान येता येतं. मूळ मेडिकेअर देशभर चालतं, पण त्यात २० टक्के वाटा आपला आणि त्याला वरची मर्यादा नाही. तो वाटा भरणारा पूरक विमा म्हणजे मेडिगॅप. पासष्टीला पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाल्यापासून सहा महिने तो प्रकृती न विचारता मिळतो, त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी आजार विचारते आणि नाही म्हणू शकते. नुकतेच बेशुद्ध पडलेले ६८ वर्षांचे काका नाकारले जाण्याची भीती खरी होती. मात्र एक दार उघडं असतं. तुम्ही प्लॅनच्या क्षेत्राबाहेर कायमचे राहायला गेलात, तर ठरावीक मेडिगॅप प्लॅन कंपनीला प्रकृती न बघता द्यावेच लागतात. जुना प्लॅन संपल्यापासून ६३ दिवसांत अर्ज हवा.

यावर मी त्यांना बजावलं, की विम्यासाठी कागदोपत्री पत्ता हलवायचा नाही. हलायचं असेल तर खरंच हला. दोघांनी चार दिवस विचार केला. न्यू जर्सीला परत जायचं आहे का, हा प्रश्न निघताना कुणी विचारलाच नव्हता. उत्तर आलं, "नाही, तिकडे आता फक्त आमचा माळा उरलाय."

निष्पत्ती

यंत्राचा निकाल ६ फेब्रुवारीला आला. लय ठीक. पाणी काढणारी गोळी डॉक्टरांनी बदलली, मूत्रपिंडाचे आकडे जागेवर आले, गाडी चालवायला परवानगी मिळाली. १० तारखेला दोघं मुलीकडे निघाले. सुमारे १,००० मैल, सहा दिवस, त्यातले ३०० मैल काकू स्टिअरिंगवर. पश्चिम टेक्सासात वेगमर्यादा ८०, काकूंचा वेग ६०, मागून येणारे ट्रक कडेने सणसणत जात. "जातायत तर जाऊ देत," एवढंच त्या म्हणाल्या.

टेक्सासात मुलीच्या घराचा पत्ता घेतला. गाडीची नोंदणी ३० दिवसांत, लायसन्स ९० दिवसांत, दोन्ही वेळेत झालं. १ मार्चपासून दोघांना मूळ मेडिकेअर, मेडिगॅपचा प्लॅन जी आणि औषधांचा वेगळा प्लॅन. पूर्वी हप्ता शून्य होता, आता मेडिगॅपचेच दोघांचे महिन्याला ३०० डॉलरांच्या आसपास जातात, आणि दात-चष्मा खिशातून. काकांना ते अजून टोचतं. जूनअखेर सॅन होजेच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला ते गाडीनेच गेले. वाटेत काकूंना दाढदुखी झाली तेव्हा काकांनी शून्य हप्त्याच्या प्लॅनची आठवण काढली म्हणे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या चुकीपासून सुरू करते. २०२२ मध्ये काकू माझ्यासमोर बसल्या तेव्हा त्यांच्या पासष्टीच्या सहा महिन्यांचं दार सताड उघडं होतं. फोनवर आरव्हीचे फोटो होते. "वर्षातले किती महिने घरी असाल?" एवढा एक प्रश्न पुरला असता. आता मी तो प्रत्येकाला विचारते, भारतात हिवाळा काढणाऱ्यांनाही. त्यांच्याबाबत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण भारतात मेडिकेअर जवळजवळ काहीच देत नाही.

मागे कार न घेण्याचा निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. हजारो जोडपी एकाच वाहनावर राहतात. पण कार नाही, दुसरा ड्रायव्हर नाही आणि वीज-पाण्याविना माळावर मुक्काम, या तिन्ही गोष्टी एकत्र यायला नको होत्या. यातली कोणतीही एक वेगळी असती तर ९ जानेवारीचं संकट कपाळावरच्या चार टाक्यांपुरतंच राहिलं असतं.

मी सुचवलेला विमानाचा पर्याय त्या क्षणी सुरक्षित होता, आणि नवशिकी व्यक्ती १३० मैल गाडी घेऊन जाणार हे ऐकून मला झोप नव्हती. शेजारीण बसची ड्रायव्हर निघाली हा योग. ती नसती तर मी आजही विमानच सांगेन. काकूंना हे पटत नाही. त्यांच्या मते गाडीच्या पहिल्याच महिन्यात, दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, पैसे देऊन शिकवणी लावायला हवी होती, आणि शिकवायला नवरा नको. दुसरा मुद्दा निर्विवाद.

सध्या मुक्कामी पोचल्यावर जागेचं नाव आणि अक्षांश-रेखांश दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहितात. पाण्याच्या वहीत प्यायच्या पाण्याचा वेगळा रकाना आहे, आणि ते पाणी टाकीतलं नसतं, वेगळ्या कॅनमधलं. दर तिसऱ्या दिवशी गाडी काकू चालवतात, गरज असो वा नसो.

टाक्या सोडणं मात्र अजून एकट्या काकांकडे आहे. मी त्याबद्दल दोनदा बोलले. काकू म्हणतात, तेवढं त्यांचंच राहू दे.